बारावीचं राज्यशास्त्र: नुसतं पाठ नका करू भाऊ

आपल्याकडे आर्ट्सचे पोट्टे राज्यशास्त्राचं गाईड आणतात अन् परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रट्टा मारतात, तसं नका करू. पेपर ८० चा, बाकी २० कॉलेजच्या हातात, ते तर सोडूच नका.

आधी १९९१ पक्कं करा. त्या वर्षी सोव्हिएत युनियन फुटलं, इकडे आपण अर्थव्यवस्था खुली केली, अन् पुढचं जागतिकीकरण, भारताचं परराष्ट्र धोरण सगळं त्यालाच चिकटून येतं, म्हणून एका मोठ्या कागदावर टाइमलाइन काढून भिंतीवर लावा.

उदाहरणं तर नागपुरातच पडली आहेत नं. प्रादेशिक असमतोल लिहायचा तर १९५३ चा नागपूर करार (विदर्भाला मराठी राज्यात घेताना नेत्यांनी केलेला) अन् वेगळ्या विदर्भाची मागणी घ्या, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे का होतं तेही त्या करारातूनच समजतं. डिसेंबरात विधानभवनापाशी सिव्हिल लाइन्सला ट्रॅफिक जाम झाला की शिव्या घालता, तेव्हा वर्तमानपत्रात सभागृहात काय चाललंय तेही वाचा की.

संकल्पनेच्या उत्तरात आधी व्याख्या दोन ओळीत, मग कारणं, मग एक ताजं उदाहरण. अन् आपल्या आवडत्या पक्षाचा प्रचार उत्तरपत्रिकेत नको, मास्तर कोणत्या पक्षाचे काय माहीत!