संख्याशास्त्राच्या वर्गाचे नियमपत्रक कसे तयार करावे

हजेरी, मोबाइल, उशिरा येणे यांचे नियम कुठल्याही विषयाच्या पत्रकातून जसेच्या तसे उचलता येतात. संख्याशास्त्राच्या वर्गात वाद पेटतात ते वेगळ्याच मुद्द्यावर: "माझंही उत्तर बरोबर आहे, मग मार्क का कापले?" आणि पुष्कळदा विद्यार्थ्याचे म्हणणे खरेच असते. एकाच डेटावरून दोन बरोबर उत्तरे निघतात, कारण पद्धती दोन असतात. म्हणून पहिल्या तासाला वाटायच्या पत्रकात शिस्तीच्या आधी आकडेमोडीचे नियम लिहा.

सुरुवात चतुर्थकापासून करा, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार समान भाग पाडणाऱ्या किमतींपासून. १ ते ८ हे आठ आकडे घ्या आणि पहिले चतुर्थक काढा. खालच्या चार आकड्यांचा मध्यक घेतला तर २.५ येते. आर हे सॉफ्टवेअर काही न बदलता २.७५ देते. एक्सेलमध्ये त्यासाठी दोन फंक्शन आहेत, एकातून २.७५ निघते, दुसऱ्यातून २.२५. यातले एकही चूक नाही. पत्रकात एवढेच लिहा: हाताने सोडवताना वर्गात शिकवलेली पद्धत, सॉफ्टवेअरवर सोडवताना जे उत्तर येईल ते चालेल, पण कोणते फंक्शन वापरले ते लिहायचे.

व्हेरियन्सचेही, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्या मापाचेही, तेच. भागायचे कशाने, एनने (एकूण आकडे जितके तितक्याने) की एन वजा १ ने? कॅल्क्युलेटरवर दोन्हींसाठी वेगळी बटणे असतात आणि घाईत नको ते दाबले जाते. आर एन वजा १ ने भागते, तर पायथनमधली नमपाय लायब्ररी वेगळे सांगितले नाही तर एनने. नियम असा ठेवा: डेटा नमुन्याचा असेल तर नेहमी एन वजा १, संपूर्ण समष्टीचा (नमुना ज्यातून घेतात त्या सगळ्या गटाचा) असेल तर प्रश्नात तसे स्पष्ट म्हटलेले असेल.

पूर्णांकन, म्हणजे राउंडिंग, हा तिसरा आणि सर्वात महागात पडणारा मुद्दा. "मधल्या पायरीला राउंड करू नका" असे नुसते सांगून कोणी ऐकत नाही, उदाहरण पत्रकातच छापा. आकडे १०१, १०२, १०४. वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करायच्या सूत्राने व्हेरियन्स (एनने भागून) १.५६ येतो. सरासरी १०२.३ अशी राउंड केली की तोच ८.३८ होतो, १०२.३३ धरली तरी २.२४. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी असल्यामुळे बारीकशी चूक उत्तर गिळून टाकते. म्हणून मधल्या किमती कॅल्क्युलेटरच्या मेमरीत ठेवायच्या, लिहाव्या लागल्याच तर किमान चार दशांश स्थळांपर्यंत. शेवटचे उत्तर दोन स्थळांपर्यंत, पी-व्हॅल्यू (मुळात फरक किंवा संबंध नाही असे धरले तर असा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता) तीन.

परीक्षेत कोणते टेबल मिळणार तेही सांगून ठेवा. नॉर्मल वितरणाच्या टेबलात झेड (सरासरीपासूनचे प्रमाणित अंतर) १.९६ समोर काही टेबलांत ०.९७५० असते, काहींत ०.४७५०, दुसऱ्या प्रकारचे टेबल शून्यापासूनचेच क्षेत्रफळ देते. सरावाला एक आणि परीक्षेला दुसरे दिले, तर ज्याला विषय येतो तोही चुकतो. टी-टेबलमध्ये हवी ती स्वातंत्र्य कोटी (डिग्रीज ऑफ फ्रीडम) नसेल तर लगतची लहान कोटी घ्यायची, हेही एका वाक्यात लिहा.

आता गुणदान. दहा गुणांच्या हायपोथेसिस टेस्टच्या, म्हणजे डेटावरून एखादा दावा तपासण्याच्या, प्रश्नाची विभागणी उघड करा: दोन्ही हायपोथेसिस मांडणे २, अटी तपासणे २, टेस्ट स्टॅटिस्टिक (ज्यावर निर्णय होतो तो डेटावरून काढलेला आकडा) २, पी-व्हॅल्यू १, आणि प्रश्नाच्या संदर्भात साध्या भाषेतला निष्कर्ष ३. निष्कर्षाला सर्वाधिक वजन मुद्दाम आहे. नुसते "शून्य हायपोथेसिस (फरक नाही हे गृहीतक) नाकारले" एवढ्यावर थांबणाऱ्याला त्यातला एकच गुण द्या. आधीची चूक पुढे वाहत गेली तर एकदाच कापा. शिवाय एक सवलत ठेवून पाहा: संभाव्यता १.२ किंवा व्हेरियन्स उणे आला आणि विद्यार्थ्याने स्वतःहून "हे उत्तर शक्य नाही, कारण..." असे लिहिले, तर एक गुण परत. वेळ संपत आली असताना चुकीचे उत्तर झाकण्यापेक्षा ते ओळखणे फायद्याचे ठरले पाहिजे.

एकूण शंभरातले वजन साधारण असे चालते: गृहपाठ २०, छोट्या चाचण्या १५, प्रकल्प २०, मध्यसत्र परीक्षा २०, अंतिम २५. निकाल नॉर्मल कर्व्हवर (घंटेच्या आकाराच्या वक्रावर) बसवू नका. चाळीस जणांत किती जण वर येणार हे आधीच ठरले की मुले एकमेकांना समजावून सांगायचे बंद करतात. आणि वर्ग हा काही यादृच्छिक नमुना नसतो, हे संख्याशास्त्राच्या शिक्षकानेच विसरावे म्हणजे कमालच!

गृहपाठ बारा ठेवा आणि सर्वात कमी गुणांचे दोन सोडून द्या. आजारपण, लग्नकार्य, इंटरनेट बंद, सगळ्या सबबी त्यात बसतात आणि कोणाचे खरे, कोणाचे खोटे हे ठरवत बसावे लागत नाही. यात एक फट आहे. पहिले दहा नीट केलेली मुले शेवटचे दोन करतच नाहीत, आणि नेमके तेच रिग्रेशनचे (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याचे) असतात. म्हणून सूट पहिल्या दहांपैकीच दोनांना द्या. उशिराबद्दल रोज १० टक्के कपात ठीक आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका: धरले जाणारे दहा गृहपाठ वीस गुणांचे, म्हणजे एक गृहपाठ दोन गुणांचा आणि एक दिवसाची कपात जेमतेम ०.२. खरी मुदत म्हणजे उत्तरे प्रसिद्ध होण्याची वेळ. मुदतीनंतर ४८ तासांनी उत्तरे टाका आणि त्यानंतर काहीही स्वीकारू नका.

कॉपीचा प्रश्न या विषयात अवघड आहे, कारण डेटा एकच असेल तर उत्तरे जुळणारच. यावर चांगला उपाय म्हणजे सर्वांना एकच मोठी फाइल द्यायची आणि प्रत्येकाने आपला रोल नंबर सीड (यादृच्छिक निवड सुरू करणारा आकडा) म्हणून वापरून त्यातून स्वतःचा नमुना काढायचा. चर्चा खुशाल करू द्या, पण उत्तर स्वतंत्रपणे लिहायचे आणि कोणाबरोबर चर्चा केली ते वर नोंदवायचे. याचा आणखी एक फायदा होतो. ६० जणांनी आपापला ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (नमुन्यावरून काढलेली, खरी किंमत जिच्यात असावी अशी मर्यादा) फळ्यावर काढला की सरासरीने तिघांचा खऱ्या किमतीला चुकवतो. कधी एकाचा, कधी पाचांचाही. "९५ टक्के" म्हणजे काय हे याहून चांगले क्वचितच समजते.

प्रकल्पाला तीन मुदती द्या: प्रश्न, डेटा, अहवाल. प्रश्न लेखी मंजूर होईपर्यंत डेटाला हात लावायचा नाही. नाहीतर डेटातल्या रकान्यांच्या वीस जोड्या तपासून त्यातली पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आलेली एक तेवढी अहवालात येते. मूळ फाइल न बदलता जमा करायची, साफसफाई वेगळ्या फाइलमध्ये किंवा कोडमध्ये. माहिती नसल्याची खूण म्हणून ९९९ भरले असेल तर ते सरासरीत मिसळते. वयाची सरासरी शंभरावर गेली की हेच झालेले असते. एक्सेल नोंदींचे परस्पर तारखांत रूपांतर करते, "३-४" टाकले तरी. माणसांकडून माहिती घेतली असेल तर संमती हवी आणि नावे, फोन नंबर फाइलमधून काढलेले हवेत.

एआय चॅटबॉट कोडमधली चूक शोधायला वापरू द्या, निष्कर्ष लिहायला नको. पकडायची साधने शोधण्यापेक्षा तीन मिनिटांची तोंडी ठेवा: "हीच टेस्ट का निवडली? कोणती अट मोडली असती तर?" प्रकल्पाचे पाच गुण तिथे द्या.

परीक्षेला हाताने लिहिलेला एक ए४ कागद, दोन्ही बाजूंनी, चालेल. कॅल्क्युलेटर हवा, फोनमधला नको.

फेरतपासणीचा अर्ज सात दिवसांत, लेखी, नेमकी कोणती पायरी ते सांगून करायचा; पूर्ण प्रश्न पुन्हा तपासला जाईल, गुण कमीही होऊ शकतात. पत्रकावर तारीख घाला. सत्राच्या मध्ये नियम बदलावा लागला तर नवी प्रत वाटा, आणि बदल विद्यार्थ्यांच्या फायद्याचा असेल तरच करा.