"थोडंसंच काम आहे भाऊ" म्हणणाऱ्याकडून जुनी गाडी घेताना या चुका टाळा

दिवाळीच्या आगेमागे कापसाचे पहिले पैसे हातात आले की आमच्याकडं पोट्ट्यांच्या डोक्यात मोटरसायकल शिरते. नवीन घ्यायची तर ऑन रोड लाखाच्या आसपास जाते, हप्ते पाडले तर अजून वर, म्हणून मग तालुक्याच्या गावात कोणाची तरी पंचवीस-तीस हजारातली सेकंड हँड बघायला जायचं ठरतं, सोबत दोन मित्र, त्यातल्या एकाला गाडीतलं "सगळं कळते". आणि तिथं विकणारा हमखास म्हणतो, "काही नाही भाऊ, थोडंसंच काम आहे, हजार-पाचशेत होऊन जाईन."

हे वाक्य ऐकून मी आजवर तीन गाड्या घेतल्या. दोन मस्त निघाल्या आणि एकीनं मला पार नागवलं. गंमत म्हणजे ज्या दोन चांगल्या निघाल्या त्या दिसायला भंगार होत्या, सीट फाटलेली, चेन खरखर करणारी, एकीचं तर इंडिकेटर वायरला लटकत होतं. नागवलं ते चकाचक असलेल्या तिसरीनं. इंजिन डिझेलनं धुतलेलं, ऑईलचा एक थेंब कुठं नाही, टाकीवर नवीन स्टिकर, पहिल्या किकला चालू. मालक म्हणाला आत्ताच वावरातून आलो म्हणून गरम आहे. मी खुश. सत्तावीस हजार मोजून गाडी घरी आणली आणि दहा-बारा दिवसांत इंजिनातून खटखट आणि मागून निळा धूर. मिस्त्रीनं ड्रेन बोल्ट खोलला तर आतून गुळाच्या पाकासारखं जाड ऑईल निघालं, त्यात कायतरी घट्ट मिसळून इंजिनचा आवाज दाबलेला. मिस्त्री हसला, "काहून बे, वावरातली गाडी एवढी सोज्वळ काहून आहे हे नाही इचारलं का त्याले?" बोअर, पिस्टन, रिंग, टायमिंग चेन, मजुरी असं सगळं मिळून नऊ हजाराच्या वर गेलं.

तेव्हापासून माझा हिशोब असा आहे की बिघडलेली गाडी घ्यायला भ्यायचं नाही, नुकतीच "नीट केलेली" गाडी घ्यायला भ्यायचं. चेन-स्प्रॉकेट गेलंय, टायर गुळगुळीत झालाय, ब्रेक शू संपलाय, बॅटरी मेलीय, हे सगळं डोळ्याला दिसतं, त्याची किंमत दुकानात विचारता येते आणि तेवढे पैसे भावातून कापून मागता येतात. लपवलेलं काम कापता येत नाही. म्हणून विकणाऱ्याला आधीच फोनवर सांगून ठेवायचं, भाऊ गाडी धुवू नको, जशी आहे तशी पाहू दे. याच्यावर तो "तरी पण थोडी पुसून ठेवतो" म्हणाला तर ठीक, पण सर्व्हिसिंग सेंटरवरून धुऊनच आणली तर ऑईल कुठून गळतं ते आता तुम्हाला दिसणार नाही एवढं धरून चाला.

गरम इंजिन पाहून व्यवहार करणं

ही चूक शंभरातले नव्वद लोक करतात, मी पण केली. गेल्या गेल्या इंजिनच्या फिनवर, म्हणजे बाहेरच्या पात्यांवर, आणि सायलेन्सरवर जपून हात लावा, गरम असेल तर चहा प्या, गप्पा मारा, तासभर थांबा, नाहीतर उद्या सकाळी येतो म्हणा. खरी गाडी थंड इंजिनातच कळते. थंड असताना चोक ओढून दोन-चार किकमध्ये चालू झाली पाहिजे. स्विच बंद ठेवून किक हातानं हळू दाबून पाहा, मधे कुठंतरी जोर लागला पाहिजे, किक सरळ खाली पडत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गेलंय, मग पिस्टनच्या रिंगचं नाहीतर वॉल्व्हचं काम आहे आणि ते "थोडंसं काम" नसतं.

चालू झाली की धूर बघा. डिसेंबरच्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते ती पाण्याची असते, दोन मिनिटांत जाते, तिला पाहून घाबरू नका. निळसर धूर जो रेस दिल्यावर वाढतो तो ऑईल जळाल्याचा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटरचं किंवा एअर फिल्टरचं बघावं लागेल, ते स्वस्तात होतं, उलट तिथं भाव पाडायला जागा आहे. अजून एक, गाडी स्लोमध्ये, म्हणजे रेस न देता, चालू ठेवून ऑईलची काडी खोलून पाहा, थोडी हवा येणं चालतं, पण भकाभका धूर बाहेर येत असेल तर रिंग गेल्यात. काडीवरचं ऑईल बोटावर घेऊन चोळा, मधासारखं चिकट लागलं तर माझी गोष्ट आठवा.

क्लच बघायचा तर टेस्ट राईडला टॉप गिअरमध्ये तीस-चाळीसच्या स्पीडनं जाताना एकदम रेस द्या. आवाज वाढला आणि गाडी तशीच राहिली तर क्लच प्लेट गेल्या. हे काम पण हाताळण्यासारखं आहे, तेवढ्यासाठी गाडी सोडू नका.

मीटर पाहून भुलणं

मीटरमध्ये तेवीस हजार किलोमीटर दिसतात आणि फूटरेस्टचं रबर पार सपाट झालंय, गिअर लिव्हर घासून चकाकतोय, तर मीटर खोटं बोलतंय, नाहीतर त्याची केबल दोन वर्षांपासून तुटलेली आहे. आमच्याकडं केबल तुटली की कोणी टाकतच नाही, कशाला पाहिजे म्हणतात. मी तर मीटर बघतच नाही, रबर बघतो.

त्यापेक्षा गाडीनं काय वाहिलं ते बघा. दुधाच्या कॅन, खताची पोती, फवारणीचे पंप, मागं कॅरिअरला दोन्हीकडून वजन, आणि तेही पावसाळ्यात पांदण रस्त्यानं. अशा गाडीचं इंजिन एकवेळ चांगलं राहतं पण बॉडी थकते. मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा, खडखड झालं तर स्विंग आर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, बुश किंवा बेअरिंग गेलं. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. पुढून दाबा, फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, नळीवर ऑईलचा ओला पट्टा आला तर ऑईल सील गेलं. हे सगळं होण्यासारखं आहे. पण फ्रेमवर नंतरचं वेल्डिंग दिसलं, हँडलखालच्या मानेजवळ रंग फुगलेला किंवा तडकलेला दिसला, मागून एका डोळ्यानं पाहिल्यावर दोन्ही चाकं एका रेषेत नाहीत असं वाटलं तर नमस्कार करून निघा, फुकट दिली तरी नको.

मडगार्डात काळी माती दगडासारखी वाळून बसली असेल तर मला उलट बरं वाटतं. निदान धुतलेली नाही.

आणि मिस्त्री आपला न्या. दोन-तीनशे रुपये द्या, त्याचा अर्धा दिवस बुडतो. विकणाऱ्यानं "हा आपलाच माणूस आहे, याला विचारा" म्हणून जो मिस्त्री समोर आणला त्याला फक्त चहा पाजा.

२०२० नंतरची बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमातली, गाडी असेल तर बहुतेक तिच्यात कार्बोरेटर नसतं, फ्युएल इंजेक्शन असतं. चावी फिरवल्यावर इंजिनचा छोटा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. चालू असतानाही पेटलेलाच राहिला तर काहीतरी फॉल्ट आहे, आणि चावी दिल्यावर लागलाच नाही तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केला असू शकतो. गावातल्या मिस्त्रीकडं स्कॅनर नसतो, म्हणून या गाडीचं "थोडंसं काम" कधीकधी जिल्ह्याच्या गावापर्यंत नेतं.

कागदाचं नंतर पाहू

गाडीचं नऊ हजारात भागलं, कागदाचं भागत नाही. आमच्याकडं गाडी तीन-तीन हात फिरते आणि आरसी पहिल्याच मालकाच्या नावावर असते, सोबत गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या केलेल्या, बाकी कोरं. लोक म्हणतात स्टँपवर लिहून घेऊ. तो शंभरचा स्टँप आता २०२४ पासून पाचशेचा झाला, पण पाचशेचा झाला म्हणून त्याच्यानं गाडी नावावर होत नाही. आरटीओत नाव बदललं तरच बदललं. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्टच सांगितलं की गाडी कितीही हात फिरली तरी ज्याचं नाव रजिस्टरला आहे तोच कायद्यानं मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. म्हणजे आपली जुनी गाडी विकून ही घेत असाल तर तिचंही ट्रान्सफर करून घ्या, नाहीतर कोणीतरी तिकडं कोणाला उडवेल आणि नोटीस तुमच्या दारात.

पैसे द्यायच्या आधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाका, इन्शुरन्स कधी संपला, फायनान्स कोणाचं आहे ते दिसतं, चलान पण तपासून घ्या. फायनान्सचा बोजा असेल तर नुसतं "हप्ते फिटले" ऐकू नका, फायनान्सवाल्याची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पाहिजे. चेसिस नंबर हँडलखालच्या फ्रेमवर पंच केलेला असतो, माती खरवडून आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा, घासलेला वाटला तर विषय संपला.

मूळ मालक वारला असेल तर? हे गावात लय होतं, गाडी बापाच्या नावावर, विकतो पोरगा. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर व्हावी लागते, मग तुमच्या. पोरगा म्हणेल सही मी करून देतो बाबांची. नको.

पांढरकवड्याकडं तेलंगणातल्या आदिलाबादची आणि वरुडकडं मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बैतूलची पासिंग असलेली गाडी दोन-चार हजारानं स्वस्त मिळते म्हणून लोक घेतात. ती स्वस्त का मिळते तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, इथं टॅक्स भरायचा, नवीन नंबर घ्यायचा, हे सगळं विकणाऱ्याला करायचं नसतं. दोन चकरा तिकडं झाल्या की स्वस्ताई फिटली.

एक हिशोब अजून चुकतो, वयाचा. गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. २०११ ची गाडी घेताय म्हणजे २०२६ मध्ये रिन्यूअल, पर्यावरण कर, पासिंग हे तुमच्या खिशातून. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली का बघा, नसेल तर ४५० रुपये आणि वर जीएसटी. थर्ड पार्टी इन्शुरन्स आणि पीयूसी वेगळं. हे सगळं कागदावर मांडा आणि भावातून कापून मागा, विकणारा चिडतो पण मानतो.

आणल्यावर होणाऱ्या चुका

घरी आली की लोक आधी सीट कव्हर, हॉर्न आणि स्टिकर करतात. आधी ऑईल बदला, कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं, एअर फिल्टर बदला, ब्रेक खोलून बघा, चेन साफ करून ऑईल द्या. मग महिनाभर चालवा आणि बाकीचं काय ते गाडीच सांगेल. एकदम सगळं खोलायला दिलं तर नेमकं कशानं काय झालं होतं ते कळत नाही, आणि चांगला पार्टही बदलला जातो.

ॲव्हरेज कमी देते म्हणून लगेच कार्बोरेटर खोलू नका. चाक हातानं फिरवा, ब्रेक शू घासतोय का बघा, चेन फार ताणली आहे का, टायरमध्ये हवा आहे का, चोक पूर्ण बंद होतो का. बऱ्याचदा यातच सापडतं.

जुन्या हंड्रेड सीसी गाड्यांचा हेडलाईट स्लोमध्ये मंद आणि रेस दिल्यावर झगझगीत होतो. बऱ्याच जणांनी त्यासाठी बॅटरी बदललेली मी पाहिली. त्या गाड्यांचा हेडलाईट बॅटरीवर चालतच नाही, सरळ इंजिनच्या करंटवर चालतो, तो तसाच असायचा.

शेवटचं, माझ्या दुसऱ्या गाडीचं. चालू मस्त व्हायची आणि चार-पाच किलोमीटरवर गचके देऊन बंद. पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू. एका मिस्त्रीनं प्लग बदलला, दुसऱ्यानं कार्बोरेटर साफ केलं, तिसरा म्हणाला कॉईल गेली. मग एकदा दारव्हा रोडवर भर उन्हात बंद पडली, पेट्रोल संपलं का पाहायला टाकीचं झाकण उघडलं तर फुस्सकन हवा आत गेली आणि गाडी पहिल्या किकला चालू. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते मातीनं बंद झालं होतं, आत हवा नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. तिथंच बाभळीच्या काट्यानं मोकळं केलं. त्या भोकाच्या नावानं साडेआठशे रुपये आधीच गेले होते.