वजनकाट्याचा आकडा वाचताना या चुका टाळा

सकाळी उठल्यावर काट्यावर ७४.२ किलो दिसतात. लगेच अर्धा लिटर पाणी पिऊन पुन्हा त्याच काट्यावर उभे राहिले, तर ७४.७ दिसतात. या दोन मिनिटांत शरीरातील चरबी एका ग्रॅमनेही वाढलेली नसते, पोटात गेलेले पाणी तेवढे मोजले गेलेले असते. वजन कमी करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा तरी स्वतः करून पाहावा, असे मला मनापासून वाटते. कारण काट्यापायी होणारा बहुतेक मनस्ताप त्यावरचा आकडा म्हणजेच चरबी, असे धरून चालल्यामुळे होतो. काटा चरबी, स्नायू, हाडे, पाणी, पोटातले अन्न आणि अंगावरचे कपडे या सर्वांचे वजन एकत्र सांगतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलना करून निष्कर्ष काढणे. थोडा हिशेब केला, की ही तुलना का फसते ते लक्षात येते. शरीरातील एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. आहार आणि हालचाल सांभाळून एखाद्याने रोज ५०० कॅलरींची तूट राखली, तर दिवसाकाठी सुमारे ६५ ग्रॅम चरबी कमी होते. घरातले बरेचसे काटे १०० ग्रॅमपेक्षा लहान फरक दाखवतच नाहीत, आणि निव्वळ पाण्या-अन्नामुळे वजन दिवसभरात एक-दोन किलोंनी सहज वरखाली होते. म्हणजे प्रयत्न अगदी नीट चालू असले, तरी त्यांचे एका दिवसाचे फळ काट्यावर दिसणे जवळपास अशक्य असते. एका रात्रीत किलोभर वजन वाढलेले दिसले, तरी तेवढी चरबी वाढण्यासाठी गरजेपेक्षा ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या, हे आठवावे आणि शांतपणे पुढच्या कामाला लागावे.

मग हे वाढलेले वजन येते कोठून? आदल्या दिवशी खारट पदार्थ जास्त खाल्ले असतील, तर शरीर मिठाच्या प्रमाणात पाणी धरून ठेवते. पिष्टमय पदार्थांचे तसेच आहे: यकृत आणि स्नायू त्यांतली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते. पिष्टमय पदार्थ एकदम कमी केल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन-तीन किलो उतरल्याचा जो आनंद होतो, त्यात मोठा वाटा या पाण्याचा असतो. म्हणून नेहमीचे जेवण सुरू होताच त्यातले बरेच परत आले, तर मेहनत वाया गेली असे समजू नये. नव्याने व्यायाम सुरू केल्यावर स्नायू दुखतात, त्यांची डागडुजी चालू असताना तेथेही पाणी धरले जाते आणि नेमक्या त्याच आठवड्यात काटा वर सरकतो. माझ्या मते ही वेळ सर्वांत नाजूक असते, कारण अनेक जण येथेच व्यायाम सोडून देतात. बद्धकोष्ठतेमुळेही आकडा वाढतो. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेक स्त्रियांच्या शरीरात पाणी साचते, त्यामुळे त्यांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्याऐवजी मागच्या पाळीच्या त्याच दिवसांशी करावी.

वजन कधीही आणि कसेही पाहणे, ही दुसरी चूक. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी, अनवाणी आणि शक्य तितक्या कमी कपड्यांत वजन करावे. संध्याकाळचे वजन सकाळपेक्षा जास्त भरणारच, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा काट्यावर चढण्याने धास्तीखेरीज काही हाती लागत नाही.

काटा स्वतःही चुकू शकतो. डिजिटल काट्याच्या चारही पायांत भार ओळखणारे संवेदक असतात, त्यामुळे चारही पाय कडक आणि सपाट फरशीवर सारखे टेकलेले असावे लागतात; गालिच्यावर किंवा पायपुसण्यावर ठेवलेल्या काट्याचा भरवसा धरू नये. काटा जागचा हलवला असेल, तर पायाने हलकेच दाबून तो चालू करावा, ०.० दिसू द्यावे आणि त्यानंतरचा पहिला आकडा सोडून द्यावा. लागोपाठ तीनदा उभे राहून तीन वेगळेच आकडे आले, तर आधी बॅटरी बदलून पाहावी. काट्याची परीक्षा घरीही घेता येते: आधी नुसते स्वतःचे वजन करावे, मग पाच किलोचे सीलबंद पाकीट हातात धरून करावे आणि दोन्हींतला फरक पाच किलोच्या जवळपास येतो का, ते पाहावे. काटा नेहमीच अर्धा किलो जास्त दाखवत असेल, तरी तुलनेसाठी चालतो. रोज वेगळा चुकत असेल, तर चालत नाही.

नोंदी कशा वाचाव्यात, हे एका उदाहरणाने सांगतो. एका आठवड्यात सोमवारपासून ७४.२, ७४.६, ७३.९, ७४.१, ७४.८, ७४.३ आणि ७४.० असे आकडे आले. पुढच्या आठवड्यात ७४.१, ७३.७, ७३.९, ७४.४, ७३.६, ७३.८ आणि ७३.५ आले. फक्त सोमवारांची तुलना केली, तर आठवडाभरात जेमतेम १०० ग्रॅम उतरल्यासारखे वाटते. शुक्रवारांची केली, तर तब्बल १ किलो २०० ग्रॅम. दोन्ही आठवड्यांच्या सरासरी मात्र ७४.३ आणि ७३.९ आहेत, म्हणजे खरी घट सुमारे ४०० ग्रॅमची आहे आणि ती चांगली आहे. रोज वजन करायचे असेल, तर ही सरासरी काढण्याची तयारी हवी. आकडा पाहून दिवसभर जीव खालीवर होत असेल किंवा जेवण टाळावेसे वाटत असेल, तर काटा खुशाल बाजूला ठेवावा आणि दोन आठवड्यांतून एकदा टेपने कंबर मोजावी. खाण्याशी बिघडलेले नाते ज्यांनी पूर्वी अनुभवले आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय रोज वजन करूच नये.

काही काटे चरबीची टक्केवारीही सांगतात. ते तळपायांतून अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतात आणि शरीरातील पाणी कमीजास्त झाले, की तो अंदाजही बदलतो. पेसमेकर बसवलेल्यांनी असा काटा वापरू नये.

सरासरी तीन-चार आठवडे जागची हलली नाही, तरच आहारात बदल करण्याचा विचार करावा. वजन उतरले, की शरीराची गरजही घटते आणि पूर्वीचे प्रमाण आता पुरेसे कमी राहिलेले नसते. मात्र दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले आणि त्याबरोबर पायांवर सूज किंवा दम लागणे असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. काहीही प्रयत्न न करता वजन सतत उतरत असेल, तरीही तपासणी करून घ्यावी. दोन्ही वेळा रोजच्या आकड्यांची वही सोबत न्यावी, कारण बदल नेमका कोणत्या दिवसापासून सुरू झाला, हे डॉक्टरांना त्यातूनच कळते.