पावसाळ्यात कुत्र्याला घरात कसं रमवायचं

खेळण्याच्या पाकिटावर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका. आधी आपला कुत्रा वस्तूची वाट कशी लावतो ते बघा. काही नुसते चघळतात, काही चिंध्या करतात, काही थेट गिळतात. आमचा बंड्या चिंध्यावाला. कापडी ससा दिला की पुढच्या पायांत धरून पोटाची शिवण हुडकतो आणि समोरच्या बारक्या दातांनी एकेक टाका उसवतो. आतली शिट्टी सापडेपर्यंत मान वर नाही! अशाला कापूस भरलेलं खेळणं द्यायचं तर समोर बसून, आणि शिवण सुटली की लगेच काढून घ्यायचं. कापूस, शिट्टी, दोरीचे धागे आतड्यात अडकले तर बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं.

चेंडू अख्खा तोंडात मावत असेल तर तो लहान आहे, घशात बसू शकतो. चघळायच्या वस्तूवर अंगठ्याचं नख दाबा; जराही खूण उठली नाही तर ती दाढेला चीर पाडण्याइतकी कडक समजा. शिंगं, खूर त्यातच आले. टेनिस बॉल आणण्या-फेकण्यापुरता ठीक, पण तासन्‌तास चावायला देऊ नका, त्याच्या लवेत माती बसते आणि दात झिजतात. पोकळ रबरी खेळण्याला दोन भोकं हवीत. एकच असेल तर आत हवेची पोकळी होऊन जीभ अडकते.

रविवारच्या मटणातलं शिजलेलं हाड अजिबात नको, त्याच्या टोकदार कपच्या होतात. आंब्याची कोयही नको. आणि पावसात ठाण्याच्या उपवन तलावावर फिरायला गेलात तर नजर जमिनीवर ठेवा: लोक भुट्टा खाऊन कणीस तिथेच टाकतात, कुत्रा ते गिळतो आणि ते पचत नाही. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) भीती असते.

मुसळधार असेल तेव्हा पायांऐवजी नाकाला काम द्या. कुत्रा हुंगून हुंगून छान दमतो. मी इडलीपात्राची एक जुनी ताटली जमिनीवर ठेवते, दोन-तीन खळग्यांत त्याच्याच जेवणातले दाणे टाकते आणि सगळ्या खळग्यांवर वाट्या उपड्या घालते. बंड्या आधी रिकाम्या वाट्याही ढकलायचा. आता नाक फिरवून नेमकी भरलेलीच उलथतो. खणखणाट होतो, म्हणून दुपारी खालच्या काकूंच्या झोपेच्या वेळी टॉवेल काढायचा: दाणे पसरून सैल गुंडाळी करा, जमलं की हळूहळू घट्ट करा. कुरिअरचे खोकेही चालतात, फक्त चिकटपट्टी आणि पिना आधी काढा. पुठ्ठा फाडणारा चालेल, खाणाऱ्याला देऊ नका. रबरी खेळण्यात साधं दही भरून फ्रीजरमध्ये ठेवलं तर बराच वेळ चाटत बसतो. पीनट बटर भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना ते वाचा, ते कुत्र्यांना विषारी आहे. मनुका, बेदाणेही वर्ज्य. लेझरचा ठिपका पळवणं मला मुळीच पटत नाही. हाती काही लागत नाही, आणि काही कुत्र्यांना सावल्यांमागे धावायचं वेड लागतं.

कापडी खेळणी या दिवसांत वाळत नाहीत. पंख्याखाली टाका, तरी कुबट वास राहिला तर फेकून द्या. धुवायला वेगळी बादली ठेवा, म्हणजे मशीनवरून घरात वाद नकोत.