घरसभा भरवायची तर

आमच्या अहिल्यानगरच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बुधवारची घरसभा 14 वर्षं मी बघते. घरसभा म्हणजे पाळीपाळीने एकेकाच्या घरी भरणारी प्रार्थनासभा. नव्याने सुरू करणाऱ्यांना आधी एकच सांगते: पाळीच्या यादीत सगळ्यात लहान घर पहिलं लिहा.

मला हे उशिरा कळलं. सुरुवातीला हॉल मोठा असलेल्या घरीच जमायचो. एकीने पुलाव केला, दुसरीने पनीर. मग चार घरं "आमची पाळी पुढच्या महिन्यात" म्हणू लागली आणि हळूहळू यायचीच बंद झाली. बायबलात सांगितलेल्या करिंथ शहरातल्या मंडळीत हेच झालं होतं. काही जण आधीच पोटभर खात आणि गरीब उपाशी राहत. जेवायला जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा, असं प्रेषित पौलाने त्यांना पत्रात लिहिलं. हे कळल्यापासून आमच्याकडे चहा आणि एकच पदार्थ, पोहे नाहीतर चिवडा.

एका विधवा ताईंची खोली दहा बाय दहाची. "बाई, बसवू कुठं सगळ्यांना?" म्हणाल्या. आम्ही सतरंजी घेऊन गेलो, खाट उभी करून भिंतीला लावली, दोघं उंबऱ्यापाशी बसले. शेजारणीकडून आणलेले पेले, एकासारखा एक नाही. त्या संध्याकाळी ताईंनी पहिल्यांदा सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना केली.

साडेसातला सुरू करा, पावणेनऊला उठा. सकाळी मुलांची शाळा असते. गाणी टाळ्यांवर म्हणता येतील अशी घ्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणली, त्यामुळे अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा मागून म्हणते. शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचा उतारा, एकानेच वाचू नये, प्रत्येकाने दोन-दोन वचनं वाचावी.

बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, लहानपणी की मोठेपणी, हा वाद घरसभेत आणू नका. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा दोन्ही रीती मान्य करूनच एकत्र आल्या. आमच्या सतरंजीवर दोन्ही रीतींची माणसं मांडीला मांडी लावून बसतात.

प्रार्थनेच्या विनंत्या मात्र जपा. एकीने मुलाच्या दारूबद्दल सांगितलं आणि रविवारपर्यंत ते चर्चच्या पायरीवर पोचलं. ती सहा महिने आली नाही. आता सुरुवातीलाच बजावते: ऐकलेलं इथेच ठेवायचं, ग्रुपवर टाकायचं नाही.

अबोला असेल तर प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आधीच्या आठवड्यात मिटवा. फोनवर नको, घरी जा. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभू येशू म्हणाला. मी स्वतः एका बहिणीच्या दारात दोनदा जाऊन परतले. तिसऱ्यांदा तिने पाणी दिलं, मग चहा ठेवला.

आणि कोणी दोन बुधवार दिसलं नाही तर तिसऱ्याची वाट बघू नका. गुरुवारी सकाळी जा. "का आला नाहीत?" असं विचारू नका. "तब्येत बरी आहे ना?" एवढंच विचारा आणि घटकाभर बसा.