रिपॉझिटरी पॅटर्न: बिझनेस लॉजिक डेटाबेसपासून वेगळं कसं करावं

'एका सभासदाकडे एका वेळी ३ पेक्षा जास्त पुस्तकं नसावीत' हा वाचनालयाचा नियम घ्या. तो तपासणाऱ्या फंक्शनमध्येच एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) लिहिलेलं असेल, तर कॉलमचं नाव बदललं तरी नियमाच्या कोडला हात लावावा लागतो आणि नुसता नियम तपासायलाही डेटाबेस चालू असावा लागतो.

सुरुवात टेबलांपासून करू नका. नियमाला काय लागतं ते आधी पाहा. इथे दोनच गोष्टी लागतात, म्हणून दोनच मेथडचा इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात एवढंच सांगणारा करार) लिहा: 'सभासदाकडची पुस्तकं मोजा' आणि 'देवघेव नोंदवा'. हा इंटरफेस बिझनेस लॉजिकच्या मॉड्यूलमध्येच ठेवा. डेटाबेसच्या मॉड्यूलमध्ये ठेवलात, तर नियम पुन्हा डेटाबेसवरच अवलंबून राहतात.

मग डेटाबेसच्या मॉड्यूलमध्ये तो इंटरफेस पाळणारा क्लास लिहा. हीच रिपॉझिटरी. एसक्यूएल, ओआरएम (टेबलांच्या ओळी ऑब्जेक्टमध्ये बदलून देणारी लायब्ररी), टेबलांची नावं सगळं इथेच. नियम चालवणाऱ्या क्लासला, म्हणजे सर्व्हिसला, हा क्लास कन्स्ट्रक्टरमधून द्या. तिने तो स्वतः तयार करू नये.

टेस्टसाठी तोच इंटरफेस पाळणारा, मेमरीतल्या यादीवर चालणारा दुसरा क्लास पुरतो. पण या यादीला युनिक (तीच किंमत पुन्हा नको) किंवा फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलातली ओळ खरोखर असली पाहिजे) बंधनं ठाऊक नसतात. म्हणून रिपॉझिटरीच्या टेस्ट खऱ्या डेटाबेसवरही चालवा.

सर्रास होणारी चूक म्हणजे मेथडमधून ओआरएमची अर्धवट क्वेरी परत देणं. मग जो तो बाहेरून तिला अटी जोडतो आणि डेटाबेस मागच्या दाराने आत येतो. दुसरी चूक वेगाची: १०० देवघेवी आणून प्रत्येकीचं पुस्तक वेगळं मागवलं, की १०१ क्वेरी होतात. 'पुस्तकांसह देवघेवी आणा' अशी मेथडच द्या.

सगळ्यात जपायचं ते ट्रान्झॅक्शनला, म्हणजे सगळे मिळून होणाऱ्या किंवा अजिबात न होणाऱ्या बदलांच्या गटाला. रिपॉझिटरीने कमिट करू नये, म्हणजे ते बदल कायम करू नयेत. देवघेवीची नोंद आणि प्रत 'बाहेर' असल्याची खूण दोन्ही झाल्या पाहिजेत, नाहीतर एकही नको. म्हणून कमिट सर्व्हिसच्या पातळीवर, एकदाच.

तरीही एक फट उरते. सभासदाकडे २ पुस्तकं असताना दोन विनंत्या एकदम आल्या, तर दोघींनाही २ हाच आकडा दिसतो आणि पुस्तकं ४ होतात. मोजण्याआधी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सभासदाची ओळ लॉक करा, म्हणजे पहिली विनंती संपेपर्यंत दुसरी थांबेल. त्यासाठी इंटरफेसमध्ये 'सभासद राखून आणा' अशी तिसरी मेथड घाला. लॉकचं एसक्यूएल मात्र रिपॉझिटरीतच राहू द्या.