गावात विमानतळ आणताय? नगरपालिकांनी या चुका टाळाव्यात

परवा रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. तो महाराष्ट्रातल्या एका लहान शहरात नगरसेवक आहे. "मामा, सोमवारी सभा आहे. विमानतळासाठी पालिकेनं वाटा उचलायचा ठराव येतोय. हो म्हणू का नको?" मी ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात राहतो. स्थानिक संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्याला फोनवर जे सांगितले ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण असे ठराव आता बऱ्याच गावांत येऊ लागले आहेत आणि त्यात जाणारा पैसा घरपट्टी-पाणीपट्टीतून आलेला असतो.

टर्मिनल आधी, विमान नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आमच्या महाराजपुऱ्याच्या, म्हणजे ग्वाल्हेर विमानतळाच्या, नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ ला झाले. सुमारे ५०० कोटींचा खर्च, गर्दीच्या तासाला १,४०० प्रवासी सामावतील एवढी जागा. भिंड रोडने आलेले पाहुणे ते बघतात आणि "आमच्याकडेही असंच हवं" म्हणतात. मलाही त्या इमारतीचा अभिमान आहे. पण तिच्यामागचा हिशेब पाहुण्यांना दिसत नाही. इथली धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण हवाई दलाकडे आहे. मिराज लढाऊ विमाने इथे १९८५ पासून आहेत. टर्मिनल केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाने बांधले. म्हणजे सगळ्यात खर्चाच्या दोन्ही गोष्टी नगर निगमच्या खिशातून आल्या नाहीत. ज्या गावात हवाई दल नाही, तिथे हा भार कोणावर तरी पडणारच.

आता लहान गावाचा हिशेब मांडून बघा. समजा १९ आसनांचे विमान आठवड्यातून चार दिवस येते-जाते. वर्षाला ७,९०४ खुर्च्या. त्यातल्या साठ टक्के भरल्या तर ४,७४२ प्रवासी. प्रत्येकाकडून विमानतळाला २०० रुपये मिळतात असे धरले, तरी साडेनऊ लाखांच्या आतच. दुसरीकडे अग्निशमन, सुरक्षा आणि देखभाल मिळून तीसच माणसे, सरासरी २५,००० पगारावर धरली, तर वर्षाला ९० लाख. वीज, धावपट्टीची डागडुजी, गवत कापणे, कुंपण हे अजून धरलेलेच नाही. हा हिशेब करायला सल्लागार कंपनी लागत नाही, एक पाठकोरा कागद पुरतो. तरीही ठरावाच्या टिपणीत तो मला क्वचितच सापडला.

मी तपासणीला गेलो होतो अशा एका पालिकेच्या धावपट्टीवरचा बंब अजून डोळ्यांसमोर आहे. लाल रंग कोरा करकरीत, मीटरवर २१४ किलोमीटर, आणि टायरना उन्हाने बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. खरेदीची फाइल चोख होती: निविदा, तुलनात्मक तक्ता, पावती, सगळे जागच्या जागी. चालकाचे पद मात्र मंजूरच झालेले नव्हते. भांडवली खर्चाला टाळ्या मिळतात आणि आस्थापना खर्चाची, म्हणजे पगारांची, ओळ कोणी वाचत नाही, म्हणून असे होते. ठरावात बांधकामाचा आकडा असेल तर शेजारी पुढच्या दहा वर्षांच्या चालू खर्चाचा आकडा मागाच.

विमान तीन वर्षांनी बंद पडले, कुठे चुकले?

लहान शहरांना विमानाने जोडणारी केंद्राची 'उडान' योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये आली, पहिले विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली मार्गावर उडाले. योजनेत कंपनीला तिकिटाचे दर आवाक्यात ठेवून काही खुर्च्या द्याव्या लागतात आणि त्यातली तूट व्यवहार्यता तफावत निधीतून भरून मिळते. बहुतेक राज्यांत ८० टक्के केंद्राचे, २० टक्के राज्याचे. ही भरपाई तीन वर्षांची असते. गावातले लोक मात्र विमान कायमचे आले असे समजतात.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 'उडान'वरच्या २०२३ च्या अहवालातले आकडे प्रत्येक नगरसेवकाने पाठ करावेत. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली. त्यानंतर, मार्च २०२३ पर्यंत, टिकून राहिले फक्त ५४. मी हे आकडे भाच्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला.

कोकणातले उदाहरण जवळचे आहे. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. मुंबईचे विमान 'उडान'मधून उडत होते. ऑक्टोबर २०२४ ला तीन वर्षांची मुदत संपली आणि ते थांबले. मुंबईत इतके चाकरमानी आणि गावाला गणपती-शिमगा असूनही हे घडले. गणपतीत विमान भरतेच. प्रश्न जुलैतल्या एखाद्या मंगळवारचा असतो. त्या मंगळवारी कोण बसणार, हे नावानिशी सांगता आले पाहिजे: कारखान्याचे इंजिनिअर, दवाखान्यात जाणारे रुग्ण, कोर्टाच्या तारखांना जाणारे वकील, देवस्थानाचे भाविक. शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला आणि चालला, कारण तिथे मंगळवारीही भाविक येतात. म्हणून पहिल्या वर्षीच व्यापारी संघटना, कारखाने आणि इस्पितळांकडून महिन्याला किती तिकिटे काढणार हे लेखी घ्या. तोंडी पाठिंब्यावर विमान उडत नाही.

रेल्वे आणि शेजारचा विमानतळ विसरणे

ग्वाल्हेरहून शताब्दी साडेतीन तासांच्या आसपास दिल्लीला पोचवते. विमान तासाभराचे, पण लष्करातून महाराजपुऱ्याला जाणे, तासभर आधी पोचणे आणि दिल्लीत उतरून पुन्हा शहरात शिरणे धरले तर फरक फारसा उरत नाही. आमच्या घरात दिल्लीला सगळे गाडीनेच जातात आणि मुंबई-बंगळूरला विमान बघतात. लहान विमानतळाने आपला मार्ग असाच शोधावा, जिथे गाडीला रात्र काढावी लागते तिथे.

अंतराचेही तसेच. दतियाचा विमानतळ ३१ मे २०२५ ला सुरू झाला. तो ग्वाल्हेरपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे, झांशीपासून तर त्याहूनही जवळ. आग्रा-ग्वाल्हेर सहापदरी ८८ किलोमीटरचा महामार्ग ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाला आहे. तो झाला की इकडच्या माणसाला दिल्लीकडचे मोठे विमानतळ आणखी जवळ येतील. रस्ता सुधारला की माणूस गावातले आठवड्याचे चार दिवसांचे विमान सोडून दोन तास गाडी चालवतो आणि रोजचे, स्वस्तातले विमान पकडतो. सल्लागाराच्या अहवालात शंभर किलोमीटरच्या परिघातली सगळी लोकसंख्या 'आपली' धरलेली दिसली, तर तो परत पाठवा.

हिवाळ्यात विमान वारंवार रद्द होते?

गेल्या जानेवारीत बहिणीला आणायला गेलो होतो. सकाळी धुके इतके की पार्किंगमधल्या गाड्यांचे नुसते पिवळे दिवे तरंगताना दिसत होते. बहीण तिकडे मुंबईला गेटपाशी डबा उघडून बसली होती आणि दर अर्ध्या तासाने विचारत होती, "दादा, दिसायला लागलं का रे?"

मोठ्या विमानतळावर उपकरणांच्या आधाराने कमी दृश्यतेतही उतरता येते. लहान विमानतळाला बऱ्याचदा नुसत्या डोळ्यांनी दिसेल त्यावर उतरण्याचा परवाना असतो आणि त्यासाठी साधारण ५ किलोमीटर दृश्यता लागते. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत सकाळी ती कुठून आणणार? दोनदा विमान रद्द झाले की व्यापारी तिसऱ्यांदा तिकीट काढत नाही. पैसे द्यायचेच असतील तर दिशादर्शक उपकरणे आणि धावपट्टीचे दिवे यांना द्या, काचेच्या दर्शनी भिंतीला नको. आणि ते परवडत नसेल तर निदान विमानाची वेळ दुपारची मागा.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा. पारा ४५ ला गेला की हवा विरळ होते, तेवढ्याच वजनाला धावपट्टी जास्त लागते आणि धावपट्टी तोकडी असेल तर कंपनी खुर्च्या रिकाम्या ठेवून उडते. धावपट्टीची लांबी ठरवताना मे महिन्यातल्या दुपारचे तापमान धरले आहे का, एवढे विचारा.

जे फक्त पालिकाच करू शकते, तेच राहून जाते

सोलापूर आठवा. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येत होती. वर्षानुवर्षे वाद चालला, शेवटी १५ जून २०२३ ला ती पाडली. सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचे उद्घाटन झाले आणि गोव्याचे विमान जून २०२५ मध्ये सुरू झाले. शेतकऱ्यांच्या कारखान्याची चिमणी पाडावी लागणे हे दुःखाचेच होते, कुठल्याही बाजूने बघा. अशी वेळ येऊ नये म्हणून बांधकाम परवाना देणाऱ्या टेबलावर विमानतळाचा रंगीत उंची-नकाशा, म्हणजे कुठे किती उंच बांधता येईल ते दाखवणारा नकाशा, पहिल्या दिवसापासून लावा. परिघातल्या इमारतीला, मोबाइल टॉवरला, पाण्याच्या टाकीला उंचीचा ना-हरकत दाखला घेतल्याशिवाय परवाना नको. पालिकेने स्वतःच बांधलेली टाकी आड आलेली मी पाहिली आहे.

कचऱ्याचे तर सरळ आहे. विमान नियम १९३७ चा ९१ वा नियम विमानतळाच्या १० किलोमीटर परिघात उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरे कापायला मनाई करतो, कारण त्यावर घारी-गिधाडे घिरट्या घालतात आणि एक घार इंजिन निकामी करू शकते. कचरा डेपो, मांस बाजार, उघडी गटारे हे सगळे पालिकेच्या अखत्यारीत येते. टर्मिनलच्या सजावटीला दोन कोटी द्यायचे आणि डेपो मात्र धावपट्टीपासून चार किलोमीटरवर, असा प्रकार तुमच्या अंदाजपत्रकात दिसला तर ठरावाला विरोध करा.

रस्ता, दिवे, पाणी, स्टँडवरून विमानाच्या वेळेला सुटणारी बस, यावर खर्च करायला मी कधीच नको म्हणणार नाही. विमान बंद पडले तरी तो रस्ता त्या बाजूच्या वस्त्यांच्या कामाला येतो.

भाच्याला ठरावात घालायला तीन ओळी लिहून पाठवल्या. पालिकेचा वाटा हप्त्याने, आणि पहिला हप्ता जमीन, अडथळ्यांचा सर्व्हे आणि मार्ग मंजुरी हाती आल्यावरच. चालू खर्चात पालिकेची कमाल मर्यादा आकड्यात, त्यावरचा तोटा कोण सोसणार त्याच्या सहीनिशी. आणि तीन वर्षांची भरपाई संपल्यावर चौथ्या वर्षी पैसा कुठून, याचे उत्तर टिपणीतच.

अकरा वाजता त्याचा मेसेज आला: "मामा, फाइल उघडून बघितली. अडथळ्यांचा सर्व्हे झालेलाच नाही. सोमवारी आधी तोच मागतो."